दारावर कोण येतं: पुण्याची प्लेग मोहीम, १८९७

मार्च ते मे १८९७ या काळात पुणे शहरात प्लेगविरुद्ध जी सरकारी मोहीम झाली, तिची ही मांडणी आहे. आपल्याकडे ही हकीकत बहुतेक वेळा २२ जूनच्या रात्रीपासून, गणेशखिंडीत प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीपासून सांगितली जाते. त्यामुळे त्याआधी घेतले गेलेले निर्णय मागेच राहतात. मला ते निर्णय महत्त्वाचे वाटतात, कारण साथ आली की जवळजवळ तेच पुन्हा घ्यावे लागतात. १९१८ मध्ये घ्यावे लागले आणि २०२० मध्येही. म्हणून पुण्याची हकीकत सविस्तर घेऊन पुढच्या दोन साथी तिच्याशेजारी ठेवल्या आहेत. सार्वजनिक नोंदीतली माणसं नावानिशी आली आहेत. रुग्ण आणि साधी कुटुंबं यांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

गाठीचा प्लेग १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये फुटला. तिथेच त्याच वर्षी यर्सिन यांनी त्याचा जंतू शोधला. बोटींच्या वाटेने रोग मुंबईत आला आणि सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची वखार. उंदीर भरपूर, चाळी दाट, हवा-उजेड नाही.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबरच्या सुरुवातीला हुकूम काढला की रुग्णाला गरज पडल्यास जबरदस्तीने इस्पितळात न्यायचं. महिनाभरात त्याचा परिणाम दिसला. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबई एक दिवसही चालणार नाही, ही भीती आयुक्तांना होतीच. हुकूम सैल करण्यात आला. (हेच इस्पितळ आजचं कस्तुरबा रुग्णालय. २०२० मध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोविड रुग्ण इथेच दाखल झाले.) पुण्यातल्या निर्णयाच्या चार-पाच महिने आधी, आणि तेही त्याच इलाख्यात, हा धडा मिळालेला होता, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवायला हवी.

मुंबईतून माणसं पळू लागली. साडेआठ लाखांच्या शहरातून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत पावणेचार लाखांच्या आसपास लोक गेले, असा तेव्हाचा अंदाज होता. आगगाडीने पुणं जवळ. ऑक्टोबरमध्येच मुंबईहून उतरलेले रुग्ण पुणे स्टेशनवर सापडले होते. वर्ष संपता संपता लागण पेठांमध्ये पोचली आणि फेब्रुवारीत मृत्यू भराभर वाढले. ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून गेले आणि निम्मं शहर ओस पडलं.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मोजक्या कलमांचा, पानभरात मावेल एवढा. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, न पाळणाऱ्याला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. नागरिकाने तक्रार कुठे करायची याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

अडचण नेमकी काय होती

सरकारच्या दृष्टीने अडचण एकच होती: लोक रोग लपवतात. ते खरंच लपवत होते. आजाऱ्याला माळ्यावर, परसात, कपाटामागे दडवत होते, आणि मयत गुपचूप उरकत होते.

पण का लपवत होते, हा प्रश्न मोहीम चालवणाऱ्या प्लेग कमिटीने पुरेसा विचारला नाही. रोगी सापडला की पुढे काय होतं, हे पेठेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रोग्याला इस्पितळात नेतात आणि तिथून परत येणारे फार थोडे. घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेतात. मागे राहिलेल्या घरातली अंथरुणं-पांघरुणं, कपडे, कधी इतर सामानही जाळतात, जमीन खणतात, भिंतींना चुना फासतात. एवढं सगळं ठाऊक असताना घरातल्या तापाची बातमी स्वतः जाऊन कोण देईल? हे अज्ञान नव्हतं. हा हिशेब होता, आणि त्या परिस्थितीत बरोबर हिशेब होता.

वैद्यकाच्या बाजूनेही चाचपडणंच चाललं होतं. जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा येतो हे कळलेलं नव्हतं. उंदरावरच्या पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. १८९७ मध्ये संशय घाणीवर, दमट जमिनीवर, कोंदट हवेवर आणि माणसाच्या स्पर्शावर होता. त्यामुळे सगळा जोर माणूस शोधून उचलण्यावर राहिला आणि उंदीर निवांत शेजारच्या घरात गेले.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय नगरपालिका आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी यांच्यामार्फत काम करण्याचा. हा अगदीच कागदी नव्हता. गाव सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांवर टिळकांनी टीका केली होती, स्वतः पुण्यात थांबले होते, आणि साथ रोखण्यासाठी उपाय हवेत हे त्यांना मान्य होतं. तपासणीच्या तत्त्वाला सरसकट विरोध नव्हता, ही गोष्ट हल्ली विसरली जाते.

दुसरा पर्याय शहर रिकामं करण्याचा. घरात उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, हे लोक स्वतःहून करू लागले होते आणि पुढच्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या गावोगावी तो रिवाजच झाला. अनुभवातून आलेली ही युक्ती शास्त्राच्या पुढे होती, कारण तीत माणूस पिसवेपासून दूर जात होता. पण एवढ्या मोठ्या शहरासाठी जागा, पाणी, झोपड्या, धान्य, मागे राहिलेल्या घरांचा बंदोबस्त हे सगळं उभं करायचं म्हणजे पैसा हवा होता.

तिसरा पर्याय लशीचा. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली होती. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. पण लस नवीन होती, साठा थोडा होता आणि लोकांचा विश्वास बसायचा होता. मार्चमध्ये साऱ्या शहराची मदार तिच्यावर ठेवणं शक्य नव्हतं.

चौथा पर्याय लष्कराचा. पुण्यात छावणी होती, माणसं तयार होती. गोरे सोजीर शिस्तीचे, ते लाच घेणार नाहीत, जातीपातीच्या दडपणाखाली येणार नाहीत, काम झपाट्याने उरकतील, असा युक्तिवाद होता. स्थानिक शिपाई आणि कारकून यांच्यावर कमिटीचा विश्वास नव्हता.

हाच पर्याय निवडला गेला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी प्लेग कमिटी कामाला लागली. गॅटेकरही लष्करी गृहस्थ, झडत्या तिथेही झाल्या. पण त्यांनी जातींच्या आणि धर्मांच्या पुढाऱ्यांना बोलावून आपापली इस्पितळं काढायला उत्तेजन दिलं. एक इलाखा, एक कायदा, एक महिना, आणि दोन शहरांत दोन रीती. त्यामुळे त्या काळात दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं, ही सबब टिकत नाही.

काय केलं

८ मार्च १८९७ रोजी पुण्यासाठी खास प्लेग कमिटी नेमली गेली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. त्याआधी ते साताऱ्याला होते आणि वाईच्या मिरवणुकीतल्या वाजंत्रीवरून तिथल्या प्रतिष्ठितांना तुरुंगात धाडल्यामुळे त्यांचं नाव पुण्यात आधीच कडवट झालं होतं. कमिटीतले डॉक्टर, सर्जन-कॅप्टन बेव्हरिज, हाँगकाँगच्या साथीत काम केलेले. १२ मार्चला डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या मेजर पॅजेट यांच्या हाताखाली गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी व शिपाई या कामावर आले. १३ मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या आणि १९ मेपर्यंत चालल्या.

झडती कशी व्हायची ते जवळून पाहायला हवं. सकाळी गल्लीची दोन्ही तोंडं अडवायची, म्हणजे कोणाला निसटता येऊ नये. मग तुकडी वाड्यात शिरायची. दार लवकर उघडलं नाही तर फोडायची. बुटांसकट ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. कोनाडे, कणग्या, माळे धुंडाळायचे. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढून काखेत आणि जांघेत गाठ आहे का पाहायचं, आणि हे काही ठिकाणी चारचौघांत, रस्त्यावर. बायकांची तपासणी परक्या पुरुषांच्या नजरेसमोर. भाषा एकमेकांना कळत नाही, त्यामुळे साधा ताप आहे, बाळंतीण आहे, हे सांगूनही उपयोग नाही. संशयित संगमाजवळच्या इस्पितळात, घरचे छावणीत, सामान आगीत.

सोजिरांनी सभ्यपणे वागावं असा हुकूम होता. शहरातले काही गृहस्थ दुभाषे म्हणून तुकड्यांबरोबर फिरत होते. पुण्यातल्या सरदार नातू बंधूंसारख्यांनी लेखी तक्रारी दिल्या, वर्तमानपत्रांत पत्रं आली. टिळकांच्या गटाशी काहीच संबंध नसलेल्या, किंबहुना सनातन्यांच्या रोषाला पात्र ठरलेल्या पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल जाहीर लिहिलं. इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी एकच गोष्ट कानावर येत होती. तरीही स्त्रियांच्या अब्रूबद्दल विश्वासार्ह अशी एकही तक्रार आली नाही, असा निर्वाळा कमिटीच्या अहवालात दिला गेला. तक्रार ज्याच्याविरुद्ध, तोच ती विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणार, अशी रचना असली की निर्वाळा दुसरा येणार नाही.

याच दिवसांत शहरात आणखी दोन प्रयत्न चालले होते. हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीत एक मुलगा प्लेगने पडला आहे हे कळल्यावर सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कमिटी कामाला लागली तो हाच आठवडा. ही घटना आपण त्यागाची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. मला तिच्यात कामाची एक रीतही दिसते. ज्या वस्तीत त्या गेल्या तिथले लोक त्यांना अनेक वर्षांपासून ओळखत होते. रोग लपवायचं कारणच उरलं नव्हतं.

दुसरा प्रयत्न हिंदू प्लेग हॉस्पिटलचा. टिळक आणि इतरांनी वर्गणीतून ते उभं केलं. औषध तिथेही तेच, म्हणजे जवळपास नाहीच. फरक सोवळ्याओवळ्याच्या व्यवस्थेचा, घरचं माणूस जवळ राहण्याचा, ओळखीच्या चेहऱ्यांचा. लोक तिथे आपणहून येत. सरकारी इस्पितळात ओढून न्यावं लागत होतं, इथे यायला तयार होते. कमिटीच्या डोळ्यांसमोर, त्याच शहरात, ही तुलना मांडून ठेवलेली होती.

परिणाम

मे महिन्यात रुग्ण घटले आणि मोहीम यशस्वी झाल्याचं कमिटीला वाटलं. निम्मं शहर आधीच बाहेर होतं आणि दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लेग तसाही ओसरतो, या दोन गोष्टी त्या हिशेबात धरायला हव्या होत्या. त्याच वर्षी साथ पुण्यात परतली, आणि आधीपेक्षा जोरात.

२२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे १८९८-९९ मध्ये फासावर गेले. टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. नातू बंधूंना खटला न चालवता अटकेत ठेवलं. शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल केला. लंडनमध्ये असताना झडत्यांतल्या अत्याचारांबद्दल बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना पुरावा उभा करता आला नाही म्हणून परतल्यावर माफी मागावी लागली.

सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर खरं नुकसान पुढचं. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला गेलेल्या पथकावरून दंगल पेटली. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग बसला आणि सरकारने जबरदस्ती हळूहळू सोडून दिली. इथपर्यंत ठीक. पण जबरदस्ती सोडताना सरकारने कामही बरंचसं सोडलं. लोकांना आवडत नाही ना, मग त्यांचं ते पाहून घेतील, असं काहीसं झालं. देशात प्लेगने त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत एक कोटीहून जास्त माणसं मेली, आणि त्यातले बहुतेक मृत्यू रँड यांच्या कमिटीनंतरचे आहेत. कडक सरकार आणि गैरहजर सरकार यांच्यामधली वाट सापडायला फार वेळ लागला. पुण्यात त्या वाटेचा एक तुकडा १८९८ मध्ये दिसला होता. माफी मागावी लागलेले तेच गोखले स्वयंसेवकांची तुकडी घेऊन प्लेगच्या कामाला लागले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्या कामाबद्दल आभार मानले. माणसं तयार होती. आधीच्या वर्षी त्यांना बरोबरीच्या नात्याने बोलावलं गेलं नव्हतं.

एकवीस वर्षांनी: १९१८

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने पडले आणि इन्फ्लुएन्झा शहरात आला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर ठरली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्यात पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेलं, आणि लष्करी सेवेतले डॉक्टर महायुद्धात अडकलेले.

या वेळी दारावर सोजीर आला नाही. अडचण अशी की सरकारतर्फे फारसं कोणीच आलं नाही. काम उचललं ते जातिसंस्थांनी, व्यापाऱ्यांनी, ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी. चाळीचाळीतून औषध, दूध, कांजी पोचवणारी माणसं उभी राहिली. पुण्या-मुंबईत वीस वर्षांत जी सार्वजनिक संस्थांची सवय लागली होती, तिचा हा उपयोग. खेड्यांत अशा संस्था नव्हत्या, तिथे माणसं घरच्या घरी मेली. देशभरात एक कोटीपेक्षा कितीतरी जास्त मृत्यू झाले. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या घटली, जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालं. शेजाऱ्याची माया ताप आलेल्या माणसाला पाणी देऊ शकते. जिल्ह्याजिल्ह्यात डॉक्टर आणि धान्य पाठवणं तिच्या आवाक्यातलं नाही.

आणि २०२०

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यातच सापडले. १३ मार्चला राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केल्याचं जाहीर केलं. तोच १८९७ चा कायदा, आणि तारीखही पहिल्या घरझडतीची. योगायोगच, पण मला तो अस्वस्थ करून गेला.

बदल मात्र मोठा होता. या वेळी दारावर आशाताई आली. तिला गल्ली ओळखत होती, कारण तिनेच घरातल्या पोराच्या पोलिओच्या डोसची आठवण केलेली होती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून नावं विचारायची, थर्मल गन कपाळासमोर धरायची, ऑक्सिमीटर बोटाला लावायची, आकडा वहीत लिहायची. देवघरात शिरण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत अशीच पथकं दारोदार फिरली. पुण्यात १८९७ मध्ये जे काम सोजिराला दिलं होतं, तेच हे काम.

धारावीचं उदाहरण तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १ एप्रिलला पहिला रुग्ण, दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं, बहुतेकांना सार्वजनिक संडास, दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण. घरात वेगळं राहणं अशक्य, त्यामुळे माणसं बाहेर न्यावीच लागणार होती, अगदी १८९७ सारखी. पण सुरुवात झाली ती तिथे वर्षानुवर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना बरोबर घेऊन. शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडा संकुल यांत सोय केली, जेवण दिलं, रमजानमध्ये रोज्याच्या वेळा सांभाळल्या. लोक गेले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला.

तरीही २०२० म्हणजे शहाणपणाचं वर्ष असं मी म्हणणार नाही. लपवाछपवी तेव्हाही झाली, आणि कारणंही जुनीच होती: चौदा दिवस सेंटरमध्ये काढावे लागतील, सोसायटी वाळीत टाकेल, इमारतीला पत्रे ठोकतील, मयत झालं तर तोंडही पाहता येणार नाही. हातावर निवडणुकीच्या शाईचे शिक्के मारले गेले. दारांवर पोस्टर लागली. रुग्णाच्या घरावर सरसकट पोस्टर लावू नये हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावं लागलं. २४ मार्चच्या टाळेबंदीला तर फक्त चार तासांची सूचना होती. हातावर पोट असलेला माणूस चार तासांत काय करणार, हा विचार न झाल्यामुळे तो चालत निघाला. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मुंबई सोडून निघालेला माणूस १८९७ मध्ये आणि २०२० मध्ये एकाच कारणाने निघाला होता: या शहरात आपण मेलो तर आपलं कोणी नाही.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते पुण्याच्या प्रकरणात निर्णयाच्या तीन जागा होत्या.

पहिली, माणूस निवडण्याची. दारावर कोण पाठवायचं. शिस्त आणि वेग हे निकष लावले तर सोजीर बरोबर ठरतो. घरातल्याने आपणहून आजारी माणूस दाखवावा हा निकष लावला असता तर निवड वेगळी झाली असती. स्त्रियांच्या तपासणीसाठी पहिल्या दिवसापासून स्त्रियाच नेमायला हव्या होत्या. सुईणी होत्या, मिशन आणि शाळांमधल्या बायका होत्या. संख्या कमी पडली असती, झडती हळू झाली असती. पण दोन महिन्यांत घाईने केलेली झडती लपवाछपवी थांबवू शकली नाहीच, मग हळू झाली असती तर काय बिघडलं असतं?

दुसरी, न्यायचं कुठे. रोग्याला ओढत नेण्याऐवजी पेठेपेठेतली कुटुंबं अख्खी उचलून, गुराढोरांसकट, माळावर नेली असती तर ते लोकांच्या रिवाजाशी जुळलं असतं आणि पिसवेचं शास्त्र ठाऊक नसतानाही रोगावर लागू पडलं असतं. जाळलेल्या सामानाची भरपाई तिथल्या तिथे दिली असती तर निम्मी भीती गेली असती. यासाठी पैसा लागतो हे खरं. ८९३ माणसांच्या फौजेला आणि नंतरच्या जादा पोलिसांनाही तो लागलाच.

तिसरी, तक्रारीची. ही मला सगळ्यात निर्णायक वाटते. तक्रारी आल्या, लेखी आल्या, सरकारवर निष्ठा असलेल्यांकडूनही आल्या. त्या रँड यांच्या कमिटीबाहेरच्या कोणी, एखाद्या न्यायाधीशाने, रोजच्या रोज ऐकल्या असत्या तर चूक करणारे दोन-चार सोजीर मार्चमध्येच परत गेले असते. बोलायची जागा उरली नाही म्हणून जून उजाडेपर्यंत सगळा राग एका माणसावर साचला. हत्येचं समर्थन करायला हे लिहीत नाही. ती टाळता आली असती, म्हणून लिहितो आहे.

कायद्याच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवायला हवी. एप्रिल २०२० मध्ये साथरोग कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंत कैद ठरली. डॉक्टर आणि परिचारिकांवर दगडफेक होत असताना ती आवश्यकच होती. पण १८९७ च्या कायद्यातली दुसरी पोकळी, म्हणजे ज्याच्या घरात पथक येतं त्याने गाऱ्हाणं कुठे मांडायचं, ती दुरुस्तीत भरली गेली नाही.

आणि दारावर जाणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न २०२० नंतरही सुटलेला नाही. सव्वाशे वर्षांनी आपण सोजिराच्या जागी आशाताई ठेवली, ही फार मोठी कमाई आहे. पण ती सरकारी नोकर नाही, स्वयंसेविका म्हणून तुटपुंज्या मानधनावर काम करते. जून २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच, राज्यभरातल्या आशांनी संप केला. मागणी होती मानधनात वाढीची, कोविडच्या कामाच्या रीतसर मोबदल्याची. काहीशा वाढीचं आश्वासन मिळाल्यावर संप मिटला आणि बाया पुन्हा वस्त्यांवर गेल्या. पुढच्या साथीची तयारी म्हणून खाटा, ऑक्सिजन प्लांट, प्रयोगशाळा यांचे आकडे मांडले जातात. त्या यादीत आशांच्या पगाराची ओळ सगळ्यात वर असायला हवी.